बसायची जागा : शालेय मैत्रीचे कथन आणि नवी मुंबई

शाळा आणि शाळकरी वय यांविषयीच्या मराठी कथात्म साहित्याचा विचार आपल्या समीक्षेने प्रायः दोन खात्यांत वाटून टाकला आहे. एक खाते बालसाहित्याचे आणि दुसरे स्मरणरंजनाचे. पहिल्या खात्यात टाकले की गांभीर्याने लिहिण्याची जबाबदारी संपते. दुसऱ्यात टाकले की 'जुने दिवस आठवले' एवढे म्हणून थांबता येते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीच्या वाट्यालाही हेच आले. तिला लाभलेल्या लोकप्रियतेचे स्पष्टीकरण 'प्रत्येकाला आपली शाळा आठवते' या एका वाक्यात गुंडाळले गेले. हे वाक्य खोटे नाही. पण ते वाचकाविषयी काही सांगते, कृतीविषयी सांगत नाही. प्रस्तुत लेखात या कृतीच्या आणि तिच्या आगेमागे असलेल्या काही कृतींच्या रचनेकडे एका मर्यादित प्रश्नातून पाहायचे आहे : शालेय वयाच्या कथनात मित्राचे स्थान कोणते? तो ऐकणारा आहे की बोलणारा? आणि बोलणारा असेल, तर तो कुठे बसून बोलतो?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. म्हणून उदाहरणापासून आरंभ करतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची मांडणी आठवावी. मोठा झालेला श्याम रात्रीच्या वेळी आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना 'रात्री' म्हटले आहे ते त्यामुळेच. या रचनेत मित्र आहेत, त्यांच्यावाचून कथन उभेच राहत नाही. परंतु ते श्रोते आहेत. त्यांनी गहिवरायचे आहे, क्वचित एखादा प्रश्न विचारायचा आहे. लहान श्यामचे बोलणे मोठ्या श्यामच्या तोंडून, संस्काराच्या चाळणीतून गाळून येते. येथे बाल्य हे स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते. त्या काळी, त्या हेतूने लिहिलेल्या पुस्तकाकडून वेगळी अपेक्षा करणे गैर होईल. पण ही चौकट मराठीत फार काळ टिकली, हे मात्र नोंदवले पाहिजे. हेतू पालटले, संस्काराची जागा विनोदाने किंवा हळहळीने घेतली, तरी 'मोठा झालेला मी' खुर्ची सोडायला तयार होत नव्हता.

ती खुर्ची हलवली भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३). पांडुरंग सांगवीकर हा शाळकरी नव्हे, महाविद्यालयातला आहे आणि त्याचे मित्र वसतिगृहातले आहेत. तेव्हा आपल्या विषयाच्या दृष्टीने ही कादंबरी कुंपणापलीकडची. तथापि तरुण मुलांच्या निरर्थक भासणाऱ्या गप्पा, त्यांच्यातली उगाच लांबवलेली थट्टा, एकाच शब्दाला चिकटून राहण्याची खोड हे सारे कथनाचा ऐवज होऊ शकते, ही परवानगी मराठी गद्याला तेथून मिळाली. पुढे प्रकाश नारायण संत यांचा लंपन आला. 'वनवास' १९९४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर लंपनची आणखी तीन पुस्तके. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे सीमाभागातल्या गावात वाढणाऱ्या या मुलाला संतांनी कानडीचा वास असलेली मराठी दिली आणि 'मॅडसारखं' हा त्याचा स्वतःचा शब्द दिला. हा शब्द प्रौढ मराठीत बसत नाही, म्हणूनच तो प्रौढ निवेदकाला कथनाबाहेर ठेवण्याचे काम चोख बजावतो. परंतु लंपन हा मूलतः एकटा मुलगा आहे. त्याचे जग पाहण्याचे, ऐकण्याचे आणि मनातल्या मनात पुटपुटण्याचे आहे. त्याच्याभोवती माणसे पुष्कळ आहेत, पण त्याचे विचार कंपूत घडत नाहीत.

'शाळा'त ते कंपूत घडतात. माझ्या मते तिचे खरे वेगळेपण येथे आहे. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे सुऱ्या, फावड्या, चित्रे हे मित्र जे बोलतात, ते आधी विचार करून मग सांगितलेले नसते. बोलता बोलताच विचार होतो. मुलगी 'लाईन' देते म्हणजे नेमके काय करते, वळून पाहिले तर त्याला अर्थ आहे की नाही, तिच्याशी बोलावे तर पहिले वाक्य कोणते असावे, या गोष्टींचा खल ही मुले एखाद्या शास्त्रार्थाच्या चिकाटीने करतात. वाचक हसतो, ती हसत नाहीत, किंवा हसतात ती एकमेकांना, विषयाला नव्हे. निवेदक चौदा-पंधरा वर्षांचाच राहतो. आणीबाणीचा काळ त्याच्या कानावर मोठ्यांच्या बोलण्यातून पडतो, पण नंतर काय झाले हे त्याला ठाऊक नाही आणि लेखकही त्याच्या खांद्यावरून वाकून ते आपल्याला सांगत नाही. आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली, निवडणुकीत काय घडले, हे वाचकाला ठाऊक असते. पश्चात्‌ज्ञान वाचकाकडे सोपवले आहे. स्मरणरंजनात ते निवेदकाकडे असते. या एका फरकामुळे 'शाळा'ला स्मरणरंजन म्हणणे मला चुकीचे वाटते, मग तिच्या वाचकांपैकी कितीही जण आपापल्या आठवणीत रमोत.

(कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या चित्रपटात ही गोष्ट निसटते. त्यात दिग्दर्शकाचा दोष थोडा, माध्यमाचा अधिक. कॅमेऱ्याला त्या काळातली वस्तू दाखवावीच लागते, आणि दाखवली की ती 'जुनी' दिसते. मुकुंदाला ती जुनी वाटत नव्हती. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' या २०१३ सालच्या चित्रपटाने तर मोठे झालेले मित्र पुन्हा आणून बसवले आणि त्यांच्या आठवणीच्या चौकटीत मुलांची गोष्ट सांगितली. म्हणजे श्यामची खुर्ची परत आली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' (२००२) मध्ये नापास ठरवलेल्या तुकडीतल्या मुलांचा संताप खरा आहे, कंपूही खरा आहे, पण त्या संतापाला वाट दाखवायला शेवटी एक समजूतदार शिक्षक लागतो.)

आता जागेकडे वळू. 'शाळा'तली मुले एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात. या इमारतीला अद्याप मालक राहायला आलेले नाहीत, दारे-खिडक्या नाहीत, कुणाची आई तेथून हाक मारत नाही. शाळेत बाई-सर आहेत, घरी वडील आहेत, रस्त्यावर ओळखीचे लोक आहेत. या तिन्ही सत्तांच्या फटीत ही जागा आहे. मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीतील काळ आणि स्थळ यांच्या गाठीसाठी जी संकल्पना वापरली, तिला आपल्याकडे कालावकाश म्हणतात. या संज्ञेचा उपयोग आपल्या समीक्षेत पुष्कळदा शोभेसाठी होतो, पण येथे ती खरोखर काही उलगडते. अर्धवट इमारत ही कायमची जागा नव्हे. ती पुरी झाली की मुलांना बाहेर पडावे लागणार आहे. शहर वाढते आहे म्हणून ती जागा निर्माण झाली आणि शहर वाढेल तेव्हा ती नष्ट होईल. वयाचेही तसेच आहे. हे साम्य कादंबरीत कुठेही बोलून दाखवलेले नाही, हे बोकिलांच्या संयमाचे लक्षण.

या ठिकाणी भाषेचा मुद्दा येतो, आणि तो या लेखाचा गाभा आहे. त्या इमारतीत जी मराठी बोलली जाते ती शाळेतल्या मराठीच्या विरोधात उभी आहे. वर्गात पाठ्यपुस्तकातली, निबंधातली, प्रार्थनेतली, शिक्षकांच्या उपदेशातली मराठी. इमारतीत शिव्यांची, टोपणनावांची, 'इचिभना'ची मराठी. दोन्ही मराठीच. मुलगा सकाळी एक बोलतो, सायंकाळी दुसरी, आणि दोहोंतील अंतर त्याला जन्मतः कळते. कादंबरीतला विनोद या अंतरावर जगतो. एखादा सुभाषितवजा शब्द कंपूत आणून त्याची केलेली चेष्टा, किंवा मुलीला लिहायच्या मजकुरात अचानक शिरलेली निबंधाची भाषा, यांत गंमत आहे ती एक मराठी दुसऱ्या मराठीवर कुरघोडी करते म्हणून. पौगंडावस्थेतील मुलाला सत्तेची टर उडवायची असते, आणि सत्ता त्याच भाषेत बोलत असेल तर टर नेमकी बसते. (जाता जाता : 'पौगंड' हा शब्द आपण तेरा ते एकोणीस या वयाला लावतो, पण जुन्या संस्कृत विभागणीत कौमार पाच वर्षांपर्यंत, पौगंड दहापर्यंत आणि कैशोर पंधरापर्यंत असे आहे. १९७१ साली सुरू झालेल्या बालभारतीच्या मासिकाचे 'किशोर' हे नाव या दृष्टीने अधिक बिनचूक ठरते. आम्ही समीक्षक मात्र पौगंड सोडायला तयार नाही.)

'शाळा'तले वर्ष ज्या काळातले आहे, त्याच काळात ठाण्याच्या खाडीपलीकडे एक अख्खे शहर अर्धवट इमारतीच्या अवस्थेत होते. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. वाशीचा नोड आधी उभा राहिला, मग तुर्भे, नेरुळ, बेलापूर. १९९२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी खाडीवरून वाशीपर्यंत लोकल धावू लागली. म्हणजे ज्या मुलांनी बांधकामाच्या वाळूत खेळून शाळेची वर्षे काढली, ज्यांना चाळ नव्हती, वाडा नव्हता, पिढीजात नाका नव्हता, अशी एक पिढी या शहराने घडवली. 'शाळा'तला अनुभव आणि त्याचे लेखन यांत जवळजवळ तीन दशके गेली. तोच हिशेब लावला तर १९९२ च्या सुमारास वाशी-नेरुळात नववीत असलेल्या मुलांनी एव्हाना लिहायला हवे होते. 'शाळा'च्या तोडीची कादंबरी मात्र या शहरातून आलेली नाही. प्रतिभा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते, हे मान्य; तरी याची काही कारणे शोधता येतात का?

मी या शहरात बरीच वर्षे राहतो, तेव्हा जागेविषयी काही अधिकाराने बोलू शकतो. सिडकोच्या नियोजनात मुलांसाठी जागा ठेवली नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. सेक्टरागणिक शाळेचे भूखंड आहेत, मैदाने आहेत, उद्याने आहेत. चार्ल्स कोरिया आरंभीच्या वर्षांत सिडकोचे मुख्य वास्तुविशारद होते. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी ऐंशीच्या दशकात घरांचे लहान लहान गट सामाईक अंगणाभोवती गुंफले. अंगणाची ती कल्पना सुंदर आहे. पण अंगण म्हणजे आईच्या नजरेच्या टप्प्यातली जागा. लहान मुलाला ती हवी असते, नववीतल्या मुलाला नको असते. त्याला हवी असलेली जागा नकाशावर दाखवता येत नाही, कारण नकाशावर आली की ती गेली. शिवाय सेक्टरांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, आणि तेच क्रमांक प्रत्येक नोडमध्ये पुन्हा येतात. दहा म्हटले तर वाशीचे दहा की नेरुळचे, हे विचारावे लागते. कथनाला नाव लागते. मुलांनी आपापली नावे ठेवलीच : कुठले वळण, कुठली टाकी, धारण तलावाचा कुठला कठडा. ती नावे चार-पाच वर्षे टिकतात आणि दहावी झाली की त्या कंपूबरोबर विरतात.

पण जागा सापडतेच. मुले ती काढतातच. अडचण भाषेत आहे. या शहरातल्या नोकरदार मराठी कुटुंबांनी मुले मोठ्या प्रमाणावर इंग्रजी शाळांत घातली. त्याविषयी तक्रारीचा सूर लावणे सोपे आहे आणि तो लावण्याचा अधिकार, आपली मुले कुठे शिकली हे पाहता, आमच्यापैकी अनेकांना नाही. मला त्याचा कथनावर झालेला परिणाम महत्त्वाचा वाटतो. वर्गातली सत्ता इंग्रजीत बोलते. सर्व प्रांतांतून आलेल्या मुलांच्या कंपूत टर उडवायची ती मुंबईच्या हिंदीत. मग मराठी उरते कुठे? ती घरी उरते. आई बोलते ती मराठी, आजी रागावते ती मराठी, गणपतीत आणि लग्नात बोलायची ती मराठी. 'शाळा'त मराठी दोन्ही बाजूंना होती. येथे ती फक्त वडीलधाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसली आहे. ज्या भाषेत मुलगा चावट बोलत नाही, खोटे बोलत नाही, मित्राची आयमाय काढत नाही, त्या भाषेला त्याच्या मनात वय राहत नाही. अशी भाषा आदरणीय होते. आदरणीय भाषेत कादंबरी लिहिता येते, नाही असे नाही, पण ती पुन्हा 'मोठा झालेला मी' लिहितो, आणि त्याला चौदाव्या वर्षीचे संवाद अनुवाद करूनच मांडावे लागतात. मित्र हिंदीत जे बोलला ते मराठीत आणताना त्यातला माज जातो. मुळाबरहुकूम ठेवावे तर पानेच्या पाने हिंदी होतात. असा प्रयत्न करणारी काही हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत निवेदन नेटके असते आणि मुलांनी तोंड उघडले की ती मालिकेतल्यासारखी बोलू लागतात.

तथापि हे शहराचे अर्धेच चित्र आहे, आणि समीक्षक बहुधा या अर्ध्यातच राहतो. नवी मुंबई कोऱ्या जमिनीवर उभी राहिली नाही. घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, शिरवणे, सारसोळे, करावे, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावे तेथे होती आणि सेक्टरांच्या मधोमध आजही आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. दुसरीकडे, घाऊक बाजारपेठ तुर्भ्यात आली तिच्याबरोबर माथाडी कामगार आले, कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत राहू लागले, आणि त्यांच्याबरोबर साताऱ्या-सांगलीकडची मराठी आली. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या एका बाकावर आगरी बोलणारा मुलगा आणि घाटावरची मराठी बोलणारा मुलगा शेजारी बसतात, आणि फळ्यावर तिसरीच, प्रमाण मराठी असते. बोकिलांच्या कादंबरीत दोन मराठींतील अंतर होते. येथे तीन आहेत. बाख्तिन ज्याला अनेकभाषिता म्हणतात ती ही. तिच्यासाठी रशियन कादंबरीपर्यंत जाण्याची गरज नाही, मधल्या सुटीत डबे उघडतात तेव्हा थांबून ऐकावे. घाटावरचा मुलगा प्रथम आगरीची नक्कल चिडवण्यासाठी करतो, सहा महिन्यांनी ती त्याच्या तोंडात बसते, आणि वर्षअखेरीस दोघे मिळून मराठीच्या सरांची नक्कल दोन्ही बोलींत करतात. हा ऐवज आहे. तो साहित्यात आलेला नाही याचे कारण तो नाही हे नव्हे.

येथे एक आक्षेप स्वतःच घेतो. अशी कादंबरी 'शाळा'सारखी असेल का? असू नये. 'शाळा'तल्या मुलाला आपण बोललो तर ऐकून घेतले जाईल, निदान मार खाऊन तरी घरी परत घेतले जाईल, याची खात्री आहे. वर्षअखेर शिरोडकर निघून जाते, कंपू विसकटतो, ते दुःख अस्सल आहे. पण त्या दुःखाला मध्यमवर्गीय घराचा आधार आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या (२०१३) जब्यालाही वर्गातली मुलगी आवडते, तोही पत्राचा विचार करतो, त्याचाही एक जिवलग मित्र आहे. विषय तोच, वय तेच. परंतु सगळ्या शाळेसमोर डुकराच्या मागे धावायला लागणे म्हणजे काय, हे 'लाईन'च्या शास्त्रार्थात मावत नाही. जब्याचा शेवटचा दगड चित्रपटाची चौकट ओलांडून येतो तो त्यामुळे. 'शाळा'त जातीचा उच्चार आडनावांतून होतो आणि तेवढ्यावर थांबतो. गावची जमीन गेलेल्या घरातला मुलगा आणि ती जमीन ज्यावर उभी आहे त्या सोसायटीतला मुलगा एका कठड्यावर बसून बोलतील, तेव्हा बोलण्याला आडनावापुढे जावेच लागेल.

आणि मुली? आतापर्यंत मी 'मुले' म्हणत आलो तेव्हा वाचकाने बहुधा मुलगेच डोळ्यांसमोर आणले असतील, आणि माझ्याही मनात तेच होते. शिरोडकर आपल्याला दिसते, ती काय बोलते ते कळते, पण ती मैत्रिणींशी काय बोलते हे मुकुंदाला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. निवेदनदृष्टीची ही प्रामाणिक मर्यादा आहे. परंतु मुलींच्या बाजूने ती मर्यादा भरून काढणारी कृती कुठे आहे? शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'वर मराठी मुलींच्या पिढ्या पोसल्या. त्या चौघी मैत्रिणी नव्हेत, बहिणी आहेत, घर अमेरिकेतले आहे, आणि बहुतेक बोलणे आईच्या छताखालचे आहे. मुलींना अर्धवट इमारत मिळत नाही. सायंकाळी तेथे जाऊन बसणे त्यांना शक्य नव्हते, आजही फारसे नाही. त्यांच्या गप्पांची जागा चालती आहे : शाळेतून क्लासला जाण्याचा रस्ता, मुद्दाम हळू टाकलेली पावले, एकीच्या घराखाली 'बस, एकच मिनिट' म्हणत काढलेली वीस मिनिटे. चालत्या जागेचे कथन कसे करावे, हा रचनेचाच प्रश्न आहे. बसलेल्या कंपूच्या संवादाला सुरुवात-शेवट असतो. चालता चालता होणारे बोलणे कोपऱ्यावर तुटते आणि दुसऱ्या दिवशी तुटल्या जागेवरून, मध्ये काहीच घडले नाही असे, पुढे सुरू होते. मराठी कादंबरीने हा बंध अद्याप हाताळलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात बसथांब्याच्या छपराखाली आडोसा घेतला असता शेजारी महापालिका शाळेच्या गणवेशातल्या तिघी उभ्या होत्या. एकीची वही भिजली होती; त्यात उद्या द्यायचा निबंध होता. दुसरी तिला निबंध तोंडी पुन्हा रचून देत होती, अगदी शुद्ध, 'आपल्या जीवनात पावसाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' अशा वळणाचा, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिसरी त्याच पावसाविषयी, त्यांच्या गावठाणातल्या गळक्या खोलीविषयी आणि निबंध लिहायला लावणाऱ्या बाईंविषयी आगरीत एकेक वाक्य जोडत होती. पहिली दोन्ही लिहून घेत होती. बस आली तेव्हा मी चढलो. त्या तिघी नाहीत, त्यांची बस दुसरी असावी, किंवा त्यांना चढायचेच नसावे.